लोकरीची टोपी आणि कोपरापर्यंतचे हातमोजे दोन सुयांवर कसे विणावेत

निफाडसारख्या ठिकाणी पहाटे दुधाला किंवा मळ्यात जाणाऱ्याला जाड स्वेटरपेक्षाही जास्त गरज पडते ती कान झाकणारी टोपी आणि बोटं मोकळी ठेवणारे, कोपरापर्यंत चढणारे हातमोजे यांची. सुलट आणि उलट असे दोनच टाके येत असले तरी दोन्ही गोष्टी विणता येतात. बहुतेक बिघाड विणीत नसतो. टाके घट्ट घातले जातात आणि घट्टच बंद केले जातात, मग टोपी कपाळाला काचते आणि हातमोजा चढत नाही.

सामान

गुंड्याच्या कागदी पट्टीवर ४ मि.मी. सुई सुचवलेली मध्यम जाडीची लोकर घ्या. टोपी आणि हातमोजे मिळून साधारण १५० ग्रॅम लागते, पण एकदम २०० ग्रॅम आणा. पट्टीवरचा लॉट नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना, हे दुकानातच बघा. लॉट बदलला की तोच रंग वेगळा दिसतो, आणि तो फरक विणल्यावरच डोळ्यांत भरतो.

सुया ८ आणि १० नंबरच्या लागतील. आपल्याकडच्या जुन्या मापात नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक: ८ नंबर म्हणजे ४ मि.मी., १० नंबर म्हणजे ३.२५ मि.मी. शिवाय बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई, क्रोशाची सुई आणि टेप हवा.

आपल्याकडच्या थंडीला अ‍ॅक्रिलिक पुरते आणि ते धुवायलाही सोपे. हिमाचलला किंवा परदेशातल्या बर्फात जाणाऱ्यासाठी मात्र खरी लोकरच घ्या. घामाची वाफ ती पोटात घेते आणि तरी ओली लागत नाही.

आधी एक चौकोन

८ नंबरच्या सुईवर २८ टाके घाला. एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे १२ सें.मी. विणा. तुकडा न ताणता सपाट ठेवा आणि मधल्या १० सें.मी.त किती टाके बसतात ते मोजा. इथली सगळी मापं २२ टाक्यांवर बेतली आहेत. २४ भरले तर टोपी ४५ सें.मी.चीच होईल, म्हणून एक माप जाड सुई घ्या. २० भरले तर ती ५४ सें.मी.ची होऊन डोळ्यांवर घसरेल, मग बारीक सुई घ्या. ५६ सें.मी. घेराच्या डोक्याला टोपी ४९–५० सें.मी.ची लागते, कारण वीण ताणून बसली तरच वारा आत शिरत नाही.

टोपी

१० नंबरच्या दोन्ही सुया एकत्र धरून त्यांवर ११० टाके घाला, मग एक सुई काढून घ्या. काठ सैल राहतो तो यामुळे. अंगठ्यावरून टाके घालत असाल तर सुरुवातीला दोन मीटर धागा सोडा.

पहिली ओळ: २ सुलट, मग (२ उलट, २ सुलट) शेवटपर्यंत.
दुसरी ओळ: २ उलट, मग (२ सुलट, २ उलट) शेवटपर्यंत.

याच दोन ओळी ६ सें.मी. होईपर्यंत विणा. काठ दुमडून कानांवर दुहेरी थर हवा असेल तर १२ सें.मी. विणा. हेल्मेटखाली घालायची टोपी दुमडू नका, हेल्मेट नीट बसत नाही.

या भागात नवशिक्यांचे टाके आपोआप वाढतात. उलट विणून झाल्यावर धागा पुढेच राहिला आणि तसाच सुलट टाका विणला की सुईवर एक फालतू वेढा पडतो. पुढच्या ओळीत तो टाका म्हणून विणला जातो आणि खाली भोक दिसतं. सुलटाआधी धागा दोन सुयांच्या मधून मागे, उलटाआधी पुढे. दर चार ओळींनी ११० मोजा.

आता ८ नंबरची सुई घ्या. सुलट बाजूने सुलट, उलट बाजूने उलट असे विणत एकूण उंची १४ सें.मी. करा. काठ दुमडायचा असेल तर २० सें.मी. करा. नवीन गुंडा नेहमी ओळीच्या सुरुवातीला जोडा, गाठ शिवणीत लपते. सुई खाली ठेवायची असेल तर ओळ पूर्ण करूनच ठेवा. अर्धवट सोडलेल्या जागी टाके ताणून रेघ उमटते.

माथा सुलट बाजूने सुरू करा: १ सुलट, मग (१० सुलट, २ टाके एकत्र) असे ९ वेळा, शेवटी १ सुलट. १०१ टाके उरतील. पुढची ओळ पूर्ण उलट. त्यानंतरच्या प्रत्येक सुलट ओळीत कंसातले सुलट टाके एकेकाने कमी करा: ९, ८, ७ असे करत १ पर्यंत. दर वेळी ९ टाके घटतात आणि सुईवर २० उरतात. एक उलट ओळ घाला, मग सगळे टाके दोन-दोन एकत्र विणून १० करा. धागा ४० सें.मी. ठेवून तोडा, बोथट सुईने तो दहाही टाक्यांतून दोनदा ओवा आणि ओढून आवळा. एकदाच ओवला तर धुतल्यावर शेंड्याला भोक पडतं.

त्याच धाग्याने, सुलट बाजू वर ठेवून, दोन्ही काठ शेजारी धरून शिवा. काठच्या टाक्याला लागून असलेली आडवी दोरी एकदा इकडची, एकदा तिकडची उचला. दुमडला जाणारा भाग उलट्या बाजूने शिवा, म्हणजे दुमडल्यावर शिवण दिसत नाही.

हातमोजे

दोन्ही हातांचे तुकडे सारखेच. कोपराकडून सुरुवात करा. ८ नंबरच्या दोन सुया एकत्र धरून ५० टाके घाला आणि टोपीच्या काठाची तीच दोन ओळींची वीण १४ सें.मी. विणा. मग टाके न घटवता १० नंबरच्या सुईवर आणखी १४ सें.मी. विणा. सुई बारीक झाली की वीण आपोआप आवळते, म्हणून मनगटाला वेगळे घट लागत नाहीत. टाके बंद करताना पुन्हा ८ नंबरची सुई घ्या आणि सुलटावर सुलट, उलटावर उलट विणत बंद करा.

लांबीच्या कडा जोडताना बोटांच्या बाजूने ४ सें.मी. शिवा, अंगठ्यासाठी ५ सें.मी. मोकळे सोडा, उरलेले कोपरापर्यंत शिवा. मोकळ्या जागेच्या दोन्ही टोकांना धागा तीन वेळा फिरवून पक्का करा. अंगठा घालता-काढता उसवतं ते तिथूनच.

एखादा टाका निसटून खाली गेला तर उसवू नका. सुलट बाजूने क्रोशाची सुई निसटलेल्या फासात घाला आणि वरची एकेक आडवी दोरी त्यातून ओढत वर या.

खरी लोकर कोमट पाण्यात, न चोळता धुवा. गरम पाण्यात चोळली की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि टोपी आटते, ती परत सैल होत नाही. अ‍ॅक्रिलिकला इस्त्री लावू नका, उष्णतेने विणीची लवचीकता जाते. दोन्ही गोष्टी टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. दोरीवर टांगल्या तर पाण्याच्या वजनाने लांबतात.