सोरायसिसवरील मलम सुरक्षितपणे कसे वापरावे

सोरायसिसचे मलम वापरताना बहुतेकांच्या हातून दोनपैकी एक चूक होते. काही जण धास्तीने ते इतके थोडे लावतात की त्याचा उपयोगच होत नाही, तर काही जण चट्टा दिसेल तिथे ते महिनोन्महिने चोळत राहतात. दोघांनाही औषधाचे नाव माहीत असते. मात्र ते कुठे, किती आणि कधीपर्यंत लावायचे, हे त्यांनी विचारलेले नसते. त्यामुळे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी प्रत्येक ट्यूबसाठी ही तीन उत्तरे चिठ्ठीवर लिहून घ्यावीत.

आधी निदानाची खात्री

स्पष्ट कडेचे, जाडसर, चंदेरी खपल्यांचे चट्टे कोपर, गुडघे, डोके आणि कंबर या भागांत दिसले, तर सोरायसिसची शंका रास्त असते. सावळ्या त्वचेवर ते लालऐवजी जांभळट किंवा करडे दिसू शकतात. पण गजकर्णही काही वेळा असेच दिसते आणि त्यावर स्टिरॉइडचे मलम लावले की घोटाळा होतो. खाज आणि लाली काही दिवस कमी होते, बुरशी मात्र आतून पसरत जाते, आणि पुढे त्या चट्ट्याची ओळखीची कडाही राहत नसल्याने डॉक्टरांना निदान करणे अवघड होते. म्हणून तपासणीआधी कोणतेही मलम लावू नये, आणि लावून झाले असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. दुसऱ्याला गुण आलेली ट्यूब आपल्याला चालेलच असे नाही.

ट्यूबमध्ये काय आहे ते पाहावे

सर्वाधिक वापरली जातात ती स्टिरॉइडची मलमे. ती दाह आणि खाज लवकर शमवतात, पण त्यांच्यात सौम्य ते अतितीव्र अशा पायऱ्या असतात. ट्यूबवरच्या टक्केवारीवरून ही तीव्रता कळत नाही. ०.०५ टक्के क्लोबेटासोल हे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असते, आणि नुसता आकडा पाहून पहिल्याला सौम्य समजणारे लोक कमी नाहीत. दुसरा गट कॅल्सिपोट्रिऑलसारख्या ड जीवनसत्त्वापासून बनवलेल्या औषधांचा. ती सोरायसिसमध्ये होणारी त्वचेच्या पेशींची बेसुमार वाढ आवरतात, त्यांच्याने त्वचा पातळ होत नाही, परंतु परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. सॅलिसिलिक आम्ल खपल्या सैल करते. कोलटार जुने आणि उपयोगी औषध आहे, मात्र त्याला वास असतो आणि कपड्यांवर डाग पडतात. त्वचा मऊ ठेवणारे साधे मलम हे औषध वाटत नसले तरी ते रोज लावावे. कोरडी, भेगाळलेली त्वचा अधिक खाजते, खाजवल्याने जखम होते आणि सोरायसिसमध्ये जखमेच्या जागी नवा चट्टा उठू शकतो.

जागेप्रमाणे औषध

तळहात, तळपाय, कोपर आणि गुडघे येथील त्वचा जाड असल्याने तेथे तीव्र औषध लागते. चेहरा, पापण्या, काखा, जांघा, स्तनांखालची घडी आणि जननेंद्रियांजवळची त्वचा पातळ असते, तेथे औषध फार झपाट्याने शोषले जाते. कोपरासाठी दिलेले मलम जांघेत लावल्यास काही आठवड्यांत त्वचा पातळ होऊन तेथे न जाणारे ताणाचे व्रण उमटू शकतात. पापण्यांवर स्टिरॉइड दीर्घकाळ लावल्यास डोळ्यांतील दाब वाढण्याचा धोका असतो. अशा जागी डॉक्टर सौम्य स्टिरॉइड थोडे दिवस, किंवा टॅक्रोलिमससारखे स्टिरॉइड नसलेले मलम सुचवतात. घरात दोन ट्यूब असतील तर एकीवर ‘कोपर-गुडघे’ आणि दुसरीवर ‘चेहरा’ असे ठळक लिहून ठेवावे. आंघोळीनंतरच्या घाईत त्यांची अदलाबदल सहज होते.

किती लावावे

‘पातळ थर द्या’ या सूचनेचा अर्थ प्रत्येक जण आपल्या सोयीने लावतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञ बोटाच्या पेराचे माप वापरतात. नेहमीच्या ५ मिलिमीटर तोंडाच्या ट्यूबमधून प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी काढावी. ती सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि बोटे जुळवलेल्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. पंजा सोडून एका हाताला अशी सुमारे ३ पेरे लागतात, पाऊल सोडून एका पायाला ६. पण ही मापे सगळा अवयव व्यापला असेल तरची आहेत, आणि आपल्याला फक्त चट्ट्यांपुरते लावायचे असते.

हा हिशेब एकदा बसून करावा. चारही कोपर-गुडघ्यांवरचे चट्टे मिळून चार तळहातांएवढे असतील, तर एका वेळेस २ पेरे, म्हणजे १ ग्रॅम मलम लागेल, आणि दिवसातून एकदा लावल्यास १५ ग्रॅमची ट्यूब साधारण पंधरवडाभर पुरेल. तीच ट्यूब तीन महिने चालत असेल तर मलम जवळपास लावलेच जात नाही असे समजावे. चार दिवसांत संपत असेल तर हात फार सैल आहे. क्लोबेटासोलसारखे अतितीव्र स्टिरॉइड आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा अधिक वापरू नये. प्रौढांसाठी कॅल्सिपोट्रिऑलच्या मलमाची मर्यादा आठवड्याला १०० ग्रॅम असते, कारण त्याहून जास्त झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. लहान मुलांच्या मर्यादा वेगळ्या असतात, त्या डॉक्टरांनीच ठरवाव्यात.

लावण्याची रीत

कोमट पाण्याने अंग धुऊन, टॉवेलने न घासता टिपून घ्यावे. खपल्या नखांनी ओढून काढू नयेत. खालून रक्ताचे ठिपके येतात आणि त्रास वाढतो. मलमाचे छोटे ठिपके चट्ट्यावर ठेवून केसांच्या दिशेने हलक्या हाताने, चकाकी राहील इतके पसरावे. मुरेपर्यंत रगडण्याची गरज नसते. भोवतालच्या निरोगी त्वचेवर ते जाऊ देऊ नये. नंतर हात धुवावेत, अर्थात उपचार हातांवरच चालू नसतील तर.

मऊपणाचे मलम आणि औषध यांत २०-३० मिनिटांचे अंतर ठेवावे, म्हणजे औषध पातळ होऊन इकडेतिकडे पसरत नाही. सॅलिसिलिक आम्ल आणि कॅल्सिपोट्रिऑल एकाच वेळी एकाच जागी लावू नयेत, कारण आम्लाने कॅल्सिपोट्रिऑल निष्प्रभ होते. प्रकाशोपचार चालू असतील तर कॅल्सिपोट्रिऑल त्यांच्यानंतर लावावे. औषधावर प्लॅस्टिक किंवा घट्ट पट्टी गुंडाळली की शोषण अनेक पटींनी वाढते. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज हा प्रयोग करू नये. पॅराफिन असलेली मलमे कपड्यांत आणि अंथरुणात मुरून ती कापडे चटकन पेट घेऊ शकतात, म्हणून विस्तव आणि धूम्रपानापासून दूर राहावे.

डोक्यावरचा सोरायसिस चिवट वाटतो, त्याचे कारण बरेचदा एवढेच असते की औषध केसांना लागते आणि टाळू कोरडाच राहतो. आधी खपल्या सैल कराव्यात, मग एकेक भांग पाडत लोशनचे तोंड टाळूला टेकवून थेंब सोडावेत आणि बोटाने पसरावेत.

कधी थांबावे

सुधारणेला एक क्रम असतो. आधी खपल्या जातात, मग जाडी उतरते, आणि लाली सर्वांत शेवटी ओसरते. डोळे मिटून चट्ट्यावरून बोट फिरवावे: कडेला उंचवटा लागत नसेल आणि त्वचा आजूबाजूइतकीच सपाट वाटत असेल, तर तेथील सोरायसिस शांत झाला आहे. मागे राहणारा काळपट किंवा फिकट डाग हा आजार नव्हे. तो घालवण्यासाठी स्टिरॉइड लावत राहणे हा सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे. तो डाग काही महिन्यांत आपोआप पुसट होतो.

अतितीव्र स्टिरॉइड सलग साधारण २ ते ४ आठवड्यांपलीकडे आणि तीव्र स्टिरॉइड एकाच जागी ८ आठवड्यांपलीकडे जाऊ देऊ नये. डॉक्टरांनी कमी मुदत दिली असेल तर तीच पाळावी. बरे वाटले म्हणून एका दिवसात सगळे सोडणेही इष्ट नाही, कारण आजार उसळून येऊ शकतो. दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा असे उतरत जाण्याचे वेळापत्रक डॉक्टर देतात, आणि मधल्या दिवसांत कॅल्सिपोट्रिऑल किंवा नुसते मऊपणाचे मलम लावायला सांगतात.

केव्हा लगेच दाखवावे

त्वचा चकचकीत, सुरकुतलेली आणि कागदासारखी पातळ दिसू लागली, बारीक लाल रक्तवाहिन्या उमटल्या किंवा सहज रक्त साकळू लागले, तर भेट पुढे ढकलू नये. सकाळी सांधे आखडत असतील किंवा बोटे सुजत असतील तर तेही सांगावे, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरतो आणि त्याला मलम पुरत नाही. गर्भधारणा असल्यास किंवा तिचे नियोजन असल्यास आधीच कळवावे. टॅझरोटिन हे सोरायसिसवरचे मलम त्या काळात वापरत नाहीत. लिथियम (मानसिक आजारावरचे औषध), बीटा ब्लॉकर (रक्तदाब व हृदयविकारावरची औषधे) किंवा मलेरियाच्या काही गोळ्यांनी सोरायसिस भडकू शकतो, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यावी, पण त्या स्वतःहून बंद करू नयेत. अंगभर लाली पसरली, पुवाच्या बारीक पुटकुळ्या उठल्या, ताप किंवा हुडहुडी भरली, तर कोणतेही मलम न लावता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि वापरातल्या सर्व ट्यूब बरोबर घेऊन जाव्यात.