कॅडमध्ये निमुळता आकार: आधी आकडा ठरवा, मग टूल

टेपर (निमुळता उतार) चुकतो तो बहुतेक वेळा माउस हातात घेण्याआधीच. ड्रॉइंगवर काय दिलंय ते पाहा: बाजूचा कोन, दोन्ही टोकांची मापं, की प्रमाण? तिन्हींसाठी वेगळं टूल लागतं. खालच्या पायऱ्या फ्रीकॅड या मोफत कॅड सॉफ्टवेअरच्या पार्ट डिझाइन विभागातल्या आहेत.

कोन दिला असेल तर. ६० मिमीचा चौरस काढा, पॅड (सपाट स्केचला उंची देणारं टूल) घ्या, लांबी ८० आणि टेपर अँगल उणे ३ टाका. फ्रीकॅडमध्ये धन कोन म्हणजे आकार वर जाताना रुंदावतो. ऑटोकॅडच्या एक्स्ट्रूडमध्ये (तिथलं पॅडसारखंच टूल) नेमकं उलटं, तिथे धन कोनाने तो निमुळता होतो. त्यामुळे प्रिव्ह्यू पाहिल्याशिवाय ओके करू नका. पडताळाही घ्या: ८० × टॅन ३° = ४.१९ मिमी, तेही दोन्ही बाजूंना, म्हणजे वरचं माप ५१.६ यायला हवं.

चौरसात भोक असेल तर पॅड त्या भोकाला उलटा टेपर देतो. साच्याच्या कामात तेच हवं असतं, पण भोक सरळ हवं असेल तर ते स्केचमधून काढून टाका आणि नंतर पॉकेटने (आकार कोरून काढणारं टूल) पाडा. कोन फार मोठा झाला की बाजू एकमेकींना भिडतात. १० मिमी जाडीच्या रिबला (आधाराच्या अरुंद भिंतीला) दोन्ही बाजूंनी ५ अंश दिले तर ती ५७ मिमीवरच संपते. तिथे ८० मिमी उंची मागितली की एरर येणारच.

प्रमाण दिलं असेल तर कोनाच्या वाटेला जाऊच नका. मिलिंग मशीनच्या टूल होल्डरचा ७:२४ टेपर घ्या, म्हणजे २४ मिमी लांबीत व्यास ७ मिमीने घटतो. ४० नंबरच्या होल्डरला मोठ्या टोकाचा व्यास ४४.४५ मिमी असतो. ४८ मिमी लांबीत व्यास ४८ × ७ ÷ २४ = १४ मिमीने घटतो, म्हणजे ३०.४५ होतो. अक्षाच्या एकाच बाजूला अर्धं प्रोफाइल काढा: त्रिज्या २२.२२५, लांबी ४८, दुसरी त्रिज्या १५.२२५. मग रिव्हॉल्व्ह करा, म्हणजे ते अक्षाभोवती पूर्ण फिरवा. वर आणखी कोनाचं बंधन लावू नका, स्केच ओव्हर-कन्स्ट्रेन्ड होतं, म्हणजे त्यात गरजेपेक्षा जास्त बंधनं येतात.

इथली नेहमीची चूक म्हणजे पूर्ण कोन आणि अर्धा कोन यांची गल्लत. या टेपरचा पूर्ण कोन १६° ३५′ ४०″ आहे, पण अक्षापासून मोजायचा तो त्याच्या निम्मा, ८.२९७ अंश. पूर्ण कोन एका बाजूला टाकलात तर लहान टोक ३०.४५ ऐवजी १५.८ मिमीचं होतं. एवढी चूक डोळ्यांना दिसते तरी. ८.३ अंश असं गोळाबेरीज करून टाकल्यास मात्र ४८ मिमीत व्यास सुमारे ५ मायक्रॉनने चुकतो आणि स्क्रीनवर काहीच दिसत नाही. ब्रॅकेटमध्ये एवढं खपतं, स्पिंडलमध्ये (मशीनच्या फिरत्या दांड्यात) बसणाऱ्या टेपरमध्ये नाही. म्हणून कोनाऐवजी मापाच्या चौकटीत सूत्रच लिहा.

दोन्ही टोकांची मापं दिली असतील आणि दोन वेगळे आकार जोडायचे असतील, उदाहरणार्थ खाली चौकोनी आणि वर गोल तोंड, तर लॉफ्ट (एका आकारातून दुसऱ्यात नेणारं टूल). पृष्ठभागाला पीळ पडला तर वर्तुळाऐवजी चार चाप काढा आणि त्यांचे सांधे चौकोनाच्या कोपऱ्यांसमोर, ४५ अंशांवर आणा.

आकार स्केल करून टेपर मिळवायचा मोह होतो, पण १००×४० चा आयत ५० मिमी उंचीवर निम्मा केला तर समोरासमोरच्या बाजूंच्या एका जोडीचा उतार २६.६ अंश आणि दुसरीचा ११.३ अंश होतो. चारही बाजूंना सारखा उतार हवा असेल तर स्केल कामाचं नाही.

तयार भागाला उतार द्यायचा असेल तर बाजू निवडून ड्राफ्ट (बाजू झुकवणारं टूल) लावा. यात न्यूट्रल प्लेन (स्थिर पातळी) कोणतं निवडता त्यावर सगळं अवलंबून असतं: त्या पातळीवरचं माप कायम राहतं, बाकीचं सरकतं. वरचं तोंड दुसऱ्या भागात बसणार असेल तर न्यूट्रल प्लेन वरचंच घ्या. फिलेट (कडांची गोलाई) आधी मारलेले असतील तर ड्राफ्ट बहुतेकदा फेल जातो, कारण गोलाईला चिकटलेली बाजू एकटी झुकवता येत नाही. क्रम असा ठेवा: आधी ड्राफ्ट, मग फिलेट, शेवटी थिकनेस (भाग आतून पोकळ करणारं टूल). थिकनेस आधी केलात तर बाहेरची भिंत झुकते, आतली तशीच उभी राहते आणि जाडी वर एक, खाली दुसरीच निघते.