गोळीबाराचा प्रसंग फसतोय? या चुका टाळा

इंदूरच्या आमच्या हौशी नाट्यमंडळात हल्ली एकांकिकांच्या बरोबरीने लघुपट होतात, आणि मुलांच्या संहितांमध्ये पिस्तूल हमखास असतं. ध्वनी आणि प्रॉपर्टी, म्हणजे प्रसंगात लागणाऱ्या वस्तू, मी बघतो, त्यामुळे ती पिस्तुलं माझ्याच पेटीतून जातात. "दादा, सीन चढत नाहीये, गोळ्या वाढवू का?" असं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: कमी कर. गोळी फुकटात सुटायला लागली की प्रेक्षकाला तिची भीती उरत नाही.

मला हे आमच्या शेजारच्या काकांनी शिकवलं. महूच्या इन्फंट्री स्कूलमध्ये त्यांनी जवानांना हत्यारं शिकवली. एकदा आम्ही त्यांना तालमीला बोलावलं. नायक लाकडी पिस्तूल घेऊन आला, जोरात संवाद म्हणू लागला. काकांची नजर त्याच्या बोटावर होती. "बोट बाहेर काढ, बाळा." तर्जनी चापावरून काढून त्यांनी ती पिस्तुलाच्या बाजूला सरळ टेकवायला लावली. मग म्हणाले, "आता वळ." तो वळला आणि नळी समोर बसलेल्या तिघांच्या पोटावरून फिरली. "आत्ता तू तिघांवर हत्यार रोखलंस." पुढची वीस मिनिटं तो नळी जमिनीकडे ठेवून नुसता वळत राहिला. संवादाचा एक शब्दही बदलला नव्हता, तरी आता हा माणूस दहा वर्षं हत्यार बाळगतोय असं वाटायला लागलं.

पहिली चूक तीच, बोट आणि नळी. दुसरी म्हणजे हिशेब न ठेवणं. एके-47 च्या मॅगझिनमध्ये 30 गोळ्या असतात आणि चाप दाबून धरला तर ती मिनिटाला सुमारे 600 च्या वेगाने सुटते. म्हणजे तीन सेकंदांत मॅगझिन रिकामं. तुमचा खलनायक अर्धा मिनिट सलग गोळ्या झाडत असेल तर ते दृश्य खोटं आहे. संहितेच्या समासात प्रत्येक गोळीला आकडा घाला. गोळ्या संपण्याची वेळ जवळ आली की ताण आपोआप येतो, त्यासाठी पार्श्वसंगीत लागत नाही. शेवटची गोळी सुटल्यावर आजकालच्या बहुतेक पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, मागेच अडकून राहते. रिकाम्या पिस्तुलाचं ते 'खट् खट् खट्' रिव्हॉल्व्हरला शोभतं. आणि दर धमकीला स्लाइड मागे ओढू नका. आत गोळी असेल तर ती तशीच बाहेर उडून पडते.

गोळी लागलेला माणूस हवेत मागे फेकला जात नाही. 9 मिमीची गोळी साधारण 8 ग्रॅमची, वेग सेकंदाला साडेतीनशे मीटरच्या आसपास. गणित केलंत तर 70 किलोच्या माणसाला तिचा धक्का सेकंदाला जेमतेम 4 सेंटिमीटर हलवेल. माणूस जागीच बसतो, गुडघ्यात मोडतो किंवा काही क्षण त्याला कळतही नाही. नटाला तो न कळण्याचा क्षण द्या.

आता माझा प्रांत, आवाज. पिस्तुलाचा आवाज 160 डेसिबलच्या आसपास असतो. बंद खोलीत तो सुटल्यावर लगेच कुजबुजीत संवाद? कानात शिट्टी वाजत असते, समोरच्याचे ओठ हलताना दिसतात, इतकंच. सायलेन्सरने आवाज साधारण 20 ते 35 डेसिबल उतरतो. तो 'फुस्' होत नाही, दचकवेल इतका राहतोच. लांबून झाडलेल्या रायफलचं तर आणखी वेगळं. गोळी आवाजाच्या पुढे धावते, त्यामुळे ज्याच्यावर झाडली त्याला आधी कानाजवळून चाबकासारखा फटका ऐकू येतो आणि मागाहून दूरवरचा 'धप्'. हे दोन आवाज वेगळे ठेवून बघा. कुणी पडायच्या आधीच प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतो.

मोटारीचं दार म्हणजे आडोसा नाही. पत्र्यातून गोळी आरपार जाते. लपायचं तर इंजिनामागे. पेट्रोलच्या टाकीचा साध्या गोळीने स्फोट होत नाही, त्यावर वेळ घालवू नका.

खांद्यातली गोळी मात्र मला फार खुपते. "काही नाही, खांद्यालाच लागलीय" म्हणून नायक पुढची मारामारी करतो. तिथून मोठी रक्तवाहिनी जाते, फुप्फुसाचं टोक तिथेच असतं. चाकूने गोळी उकरून काढणं हा तर जीव घेणारा प्रकार. जीव जातो तो रक्त गेल्याने. म्हणून मित्राला जखमेवर दोन्ही हातांनी कापड दाबून धरताना दाखवा, हात न काढता. कुणीतरी ते बघून लक्षात ठेवेल.

सेटवरच्या चुकीला दुरुस्ती नसते. 1984 मध्ये जॉन-एरिक हेक्सम या अमेरिकन नटाने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर थट्टेत कानशिलाला लावून चाप दाबला आणि तो गेला. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण जवळून त्या स्फोटाचा दाबच पुरतो. 1993 मध्ये ब्रँडन ली या नटाच्या चित्रीकरणात आधीच्या डमी, म्हणजे नुसत्या दिसायला खऱ्या, काडतुसातलं टोक नळीत अडकून राहिलं होतं. पुढच्या ब्लँकने ते बाहेर फेकलं आणि ते लागून ली गेला. 2021 मध्ये न्यू मेक्सिकोत छायालेखिका हॅलिना हचिन्स सरावाच्या वेळी खरी गोळी सुटून दगावली. आमच्याकडे तर साधी टिकल्यांची पिस्तूल एका पोराने मित्राच्या कानाजवळ वाजवली, तो संध्याकाळभर कान धरून बसला होता. त्या दिवसापासून माझ्या पेटीत फक्त लाकूड आणि रबर आहे. ज्वाळा आणि आवाज एडिटिंगमध्ये येतात. बाहेर चित्रीकरण असेल तर आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवतो, कारण रस्त्यावरच्या माणसाला रबर दिसत नाही, पिस्तूल दिसतं. नातेवाइकांच्या लग्नातलं परवान्याचं हत्यार कुणी "फक्त क्लोजअपला" आणलं तर चित्रीकरण थांबवतो.

परवाच्या लघुपटात जिन्यातल्या प्रसंगाला बावीस गोळ्या होत्या. आम्ही दोन ठेवल्या. पहिली सुटते, मग नुसती कानातली शिट्टी. पोरगा नवं मॅगझिन बसवायला जातो, बोटं थरथरतात, ते हातातून निसटतं आणि एकेक पायरी वाजवत खाली जातं. वरच्या मजल्यावर दाराची कडी निघते. दुसरी गोळी कुणी झाडली ते आम्ही दाखवलंच नाही.