सपाट पाय: उपचारात या चुका टाळा

ओल्या पायाचा ठसा फरशीवर पूर्ण उमटला, की बऱ्याच घरांत थेट कमानवाले इनसोल, म्हणजे तळव्याच्या आतल्या खोलगट भागाला आधार देणाऱ्या, बुटात घालायच्या गाद्या, आणल्या जातात. चूक इथूनच सुरू होते. ठशावरून पाय सपाट आहे एवढंच कळतं. तो लवचिक आहे की ताठ हे कळत नाही, आणि उपचार ठरतो तो त्यावरच.

ते घरीही पाहता येतं. चवड्यांवर उभं राहा आणि मागून कुणाला तरी टाचांकडे बघायला सांगा. टाचा आत वळल्या आणि कमान दिसू लागली, तर पाय लवचिक आहे. टाच बाहेर झुकलेलीच राहिली, तर एक तर सांधा जखडला आहे किंवा कमान उचलून धरणारी कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा) कमजोर झाली आहे. अशा वेळी दुकानातल्या इनसोलवर वेळ घालवू नका, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

मुलांच्या पायांची घाई

लहान मुलांच्या तळव्याखाली चरबीची गादी असते, आणि कमान साधारण १० वर्षांपर्यंत घडत राहते. लवचिक आणि न दुखणाऱ्या पायाला उपचार लागत नाही. इनसोलने दुखणं कमी होऊ शकतं, पण कमान तयार होत नाही. ते काढले की पाय होता तसाच. मात्र ८ ते १६ वर्षांच्या मुलाचा पाय ताठ असेल आणि घोटा वारंवार मुरगळत असेल, तर पावलातली दोन हाडं एकमेकांना जुळलेली असू शकतात. साध्या एक्स-रेत हे कधीकधी निसटतं, सीटी स्कॅनमध्ये नीट दिसतं.

पोटरीचा ताण चुकीचा देणं

पोटरी आखडलेली असली, की चालताना टाच लवकर उचलली जाते आणि सगळा भार पावलाच्या मध्यावर येतो. त्याखाली कडक इनसोल ठेवला, तर कमान वरून दाबली जाते आणि खालून टोचते. ‘इनसोल घातल्यापासून जास्तच दुखतंय’ ही तक्रार अनेकदा यामुळेच असते. म्हणून आधी पोटरी सैल करा.

भिंतीला हात टेका, एक पाय मागे घ्या, गुडघा सरळ आणि टाच जमिनीला टेकलेली ठेवा. मागच्या पावलाची बोटं भिंतीकडेच हवीत. ती बाहेर वळली, की ताण पोटरीला न बसता कमानीला बसतो आणि ती आणखी खचते. पावलाच्या आतल्या कडेखाली टॉवेलची घडी ठेवली की हे टळतं. ३० सेकंद, ३ वेळा, दिवसातून दोनदा. फरक जाणवायला ६ ते ८ आठवडे लागतात. चार दिवसांत सोडून देऊ नका.

मोठेपणी एकच पाय खचतोय?

याला मुरगळणं समजून बसू नका. आतल्या घोट्यामागे सूज असेल आणि त्या एका पायाच्या चवड्यावर टाच उचलता येत नसेल, तर तिथली कंडरा झिजते आहे. सुरुवातीला काही आठवडे प्लास्टर किंवा आधाराचा बूट आणि मग व्यायाम, यांनी बऱ्याच जणांचं भागतं. त्या कंडरेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घेण्याचा मोह टाळा, ती तुटू शकते. मधुमेह असेल आणि पाऊल अचानक गरम, लाल, सुजलेलं झालं, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

शस्त्रक्रिया कधी?

फक्त आकारासाठी कधीच नाही. नीट केलेल्या उपचाराला ३ ते ६ महिने देऊनही वेदना चालणं अडवत असतील, किंवा विकृती वाढत चालली असेल, तेव्हा तिचा विचार होतो. एक्स-रे उभं राहून काढलेले हवेत. झोपून काढलेल्यात खचलेली कमानही बरी दिसते. पाय लवचिक असेल तर टाचेचं हाड कापून जागेवर सरकवतात, गरजेप्रमाणे शेजारची कंडरा वळवून जोडतात आणि पोटरी सैल करतात. सांधे झिजून ताठ झाले असतील तर ते कायमचे जोडावे लागतात. वेदना थांबते, पण पावलाची बाजूंना होणारी हालचाल जाते.

हाड कापलं किंवा सांधा जोडला, तर साधारण ६ ते ८ आठवडे त्या पायावर भार टाकता येत नाही, आणि सूज पूर्ण उतरायला वर्षही लागतं. धूम्रपानाने हाड जुळायला उशीर होतो, म्हणून ते शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच थांबवा.