साथीच्या काळात डॉक्टरांचं ऐकायचं म्हणजे नक्की कसं ऐकायचं

पुढची साथ कधी येईल ते कोण सांगणार, पण आली की टीव्हीवर पुन्हा डॉक्टर दिसायला लागणार आणि फॅमिली ग्रुपवर "अरे डॉक्टरांचं ऐका" म्हणत जो तो आपापल्या आवडीचा डॉक्टर पाठवणार, हे नक्की. कोविडमध्ये आमच्या घरात दोन वर्षं हेच चाललं होतं, मी, आईबाबा आणि फोनवर नागपूरची आत्या. चुका भरपूर केल्या, त्यातनं जे कळलं ते लिहितेय.

सल्ला वाचायच्या आधी तारीख शोधायची. मास्कचंच घ्या. मार्च २०२० मध्ये डब्ल्यूएचओ सांगत होती की धडधाकट माणसाला मास्क नको, आजारी असाल किंवा आजाऱ्याचं करत असाल तरच घाला. एप्रिलमध्ये मुंबईत मास्क सक्तीचा झाला, आणि ५ जूनला डब्ल्यूएचओनेच सांगितलं की गर्दीत सगळ्यांनी घाला, कापडी चालेल. आमचे काका अजून म्हणतात, बघ, यांनाच काही कळत नव्हतं. अहो काका, मधल्या काळात कळलं ना, की लक्षणं नसलेला माणूसही पसरवतो, आणि आधी तर हॉस्पिटलातल्या नर्सेसनाच मास्क पुरत नव्हते. म्हणून सल्ला बदलला की चिडण्याआधी एकच विचारायचं, नवीन काय कळलं? कारण सांगून बदलणारा डॉक्टर मला चालतो, पहिल्या दिवसापासून ज्याचं एक अक्षर बदललं नाही त्याची मात्र धास्ती वाटते. (आणि आम्ही? आम्ही खिडक्या घट्ट लावून दुधाच्या पिशव्या साबणाने घासत बसलो होतो. हा आजार मुख्यतः हवेतनं येतो हे कळल्यावर खिडक्या उघडल्या.)

बोलतोय कोण हेही बघायचं. नुसतं नावापुढे डॉक्टर असून भागत नाही, हाडांचे डॉक्टर हाडांचेच. संसर्गाचे तज्ज्ञ पेशंट बघतात, साथरोगतज्ज्ञ म्हणजे एपिडेमिऑलॉजिस्ट गावात रोग कसा पसरतोय ते बघतात, दोघांची उत्तरं वेगवेगळी वाटली तरी दोघं बरोबर असू शकतात. २०२० च्या एप्रिलमध्ये आयसीएमआरकडून, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेकडून, रोजच्या ब्रीफिंगला येणारे डॉ. रमण गंगाखेडकर आठवतायत का, ते आधी पुण्याच्या एड्स संशोधन संस्थेत, म्हणजे नारीत होते, साथ म्हणजे काय ते आयुष्यभर बघितलेला माणूस. उलट राज्याच्या कोविड टास्क फोर्सचे तेव्हाचे प्रमुख डॉ. संजय ओक हे लहान मुलांचे सर्जन, पण त्यांच्या टीममध्ये आयसीयूवाले, संसर्गवाले, डायबेटिसवाले सगळे होते. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या व्हिडिओपेक्षा अशी टीम एकत्र बसून काय सांगते त्याला जास्त वजन द्यायचं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक, सल्ला कोणासाठी आहे ते न बघणं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी नावाच्या ट्रायलमधून, म्हणजे पेशंटवर औषध तपासण्याच्या चाचणीतून, कळलं की डेक्सामेथासोन हे साधं, स्वस्त स्टेरॉइड ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटर लागलेल्या पेशंटचा जीव वाचवू शकतं. पण त्याच ट्रायलमध्ये हेही होतं की ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना त्याचा फायदा दिसला नाही. हे दुसरं वाक्य फॉरवर्डमध्ये गळालं. आमच्या शेजारच्या काकूंनी कुणाच्या तरी प्रिस्क्रिप्शनचा फोटो दाखवून आजाराच्या दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या, ताप उतरला पण शुगर कुठल्या कुठे गेली. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी म्हणायचे तो आजार, वाढला त्यात न आटोक्यातला डायबेटिस आणि वारेमाप स्टेरॉइड ही दोन मोठी कारणं होती. तेव्हा औषधाचं नाव लिहून घेताना शेजारी लिहा, कुठल्या पेशंटला, आजाराच्या कितव्या दिवशी, ऑक्सिजन किती असताना. हे तीन रकाने भरता येत नसतील तर ते औषध तुमच्यासाठी नाही, निदान डॉक्टरांना फोन करेपर्यंत तरी नाही.

चांगला सल्ला घरात करून बघता येतो. सहा मिनिटं चालायची टेस्ट आठवा, चालल्यावर रक्तातला ऑक्सिजन उतरतो का ते बघायची. बाबांना कोविड झाला तेव्हा वन बीएचकेमध्ये चालवायचं कुठे, तर ओट्यापासून बाथरूमच्या दारापर्यंत, अकरा फरशा. आधी पाच मिनिटं बसवलं, हात गरम केले, ऑक्सिमीटर, म्हणजे ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं छोटं मशीन, मधल्या बोटाला लावला आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघितली, कारण लावल्या लावल्या येतो तो काहीही असतो, नेलपॉलिश असेल तर अजूनच. ९७. मग घड्याळ लावून सहा मिनिटं नेहमीच्या चालीने. साठीच्या पुढच्यांना तीन मिनिटं चालतील असं सांगितलं होतं, पण बाबांना ते अपमानास्पद वाटलं. परत लावला, ९२. नियम असा होता की ९३ च्या खाली गेला, तीनपेक्षा जास्त उतरला किंवा दम लागला तर डॉक्टर गाठायचे. बाबा म्हणाले, मशीन स्वस्तातलं आहे. मी माझ्या बोटाला लावलं, ९८. त्याच संध्याकाळी बेड शोधला. (दमा असेल किंवा बसल्या बसल्याच धाप लागत असेल तर ही टेस्ट करत बसू नका, सरळ फोन करा.)

प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव पेशंटला द्यायच्या उपचाराची, गोष्ट थोडक्यात. लोक डोनर शोधत वणवण फिरत होते, आणि आयसीएमआरच्याच ३९ हॉस्पिटलांमधल्या ट्रायलचा निकाल २०२० मध्येच आला होता, फायदा नाही. सरकारी गाइडलाइनमधून प्लाझ्मा वगळला मात्र मे २०२१ मध्ये. म्हणजे अधिकृत कागदही कधीकधी मागे असतो, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारायला लाजू नका, "याची ट्रायल झालीय का, आणि काय निघालं?"

राहिली आत्या. ती रोज वाफेचे व्हिडिओ टाकायची, वाफेने विषाणू मरतो म्हणे. मरत नाही, नाक मोकळं वाटतं एवढंच, आणि भांडं कलंडून भाजण्याची भीती वेगळी. मी आधी ग्रुपवरच खोडून काढलं, तर ती दोन दिवस बोलली नाही आणि व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर टाकायला लागली. ग्रुपवर नका बोलू, फोन करा, आणि वेळ हातात ठेवून करा. मी केला तेव्हा पहिली वीस मिनिटं तिच्या गुडघ्याचं ऐकलं, वाफेचा विषय त्यानंतर निघाला.