ॲशली नदीकाठची प्लांटेशन आणि बागा कशा पाहाव्यात

ठाण्याहून किंवा नवी मुंबईहून अमेरिकेला निघणाऱ्या सहलींचा मार्ग बहुधा ठरलेला असतो: न्यूयॉर्क, नायगारा, वॉशिंग्टन, ऑरलँडो आणि मग पश्चिम किनारा. साउथ कॅरोलायना त्यात सहसा नसते. घोडबंदर रोडवरचे किंवा नेरूळचे आई-वडील तिकडे पोहोचतात ते मुलगा अथवा मुलगी शार्लटला किंवा अटलांटाला नोकरीला असते म्हणून. तीन दिवस जोडून सुटी आली, की साउथ कॅरोलायनातील चार्ल्स्टनला जाऊन जुनी प्लांटेशन आणि त्यांच्या बागा पाहून येण्याचा बेत ठरतो. शार्लटहून मोटारीने साधारण साडेतीन तास आणि अटलांटाहून पाच तास लागतात. हा मजकूर मुख्यतः अशा आई-वडिलांसाठी आणि त्यांना घेऊन जाणाऱ्या मुलांसाठी आहे.

प्रथम काय पाहायला जायचे आहे, हे स्पष्ट असावे. प्लांटेशन म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामांच्या श्रमावर चालणारी विस्तीर्ण शेती. चार्ल्स्टनच्या परिसरात ती प्रामुख्याने भाताची, काही काळ निळीची आणि समुद्रालगतच्या बेटांवर लांब धाग्याच्या कापसाची होती. मालकाचे घर, त्यापुढची बाग, गुलामांच्या खोल्या, गिरणी, तबेले आणि दफनभूमी असा सारा पसारा तेथे असे. यांपैकी काही जागा आता न्यास किंवा संस्थांकडे आहेत, तर काही खासगी मालकीच्या आहेत, आणि तिकीट काढून त्या पाहता येतात.

ॲशली नदीच्या समांतर जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या रस्त्यावर तीन ठिकाणे एका ओळीत येतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने हाच रस्ता धरावा. शहराकडून जाताना प्रथम ड्रेटन हॉल, त्याला लागूनच मॅग्नोलिया आणि पुढे काही मैलांवर मिडलटन प्लेस लागते. तिन्ही एका दिवसात उरकण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. एका ठिकाणाला पुरा अर्धा दिवस द्यावा आणि दिवसाला दोनांहून अधिक ठिकाणे घेऊ नयेत. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर येथे पोहोचणे अवघड आहे, मोटार हवीच.

एकच ठिकाण पाहायचे असेल तर माझे मत मिडलटन प्लेसला आहे. हेन्री मिडलटन यांनी तेथील बागेचे काम १७४१ मध्ये सुरू केले. हेच हेन्री पुढे १७७४ मध्ये पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेचे, काही दिवस अध्यक्ष होते, आणि त्यांचा मुलगा आर्थर याची अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही आहे. बाग युरोपीय धर्तीची, भूमितीच्या शिस्तीची आहे. नदीकडे उतरत जाणारे हिरवळीचे टप्पे आणि त्यांच्या पायथ्याशी फुलपाखराच्या दोन पंखांच्या आकाराची जुळी तळी, हे तिचे सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे. हे टप्पे आणि तळी घडवण्यासाठी सुमारे १०० गुलाम जवळपास १० वर्षे राबले, असे परंपरेने सांगितले जाते. मुख्य घर १८६५ मध्ये, अमेरिकेच्या उत्तर आणि दक्षिण राज्यांमधील गृहयुद्धात, उत्तरेच्या सैन्याने जाळले आणि त्याच्या उभ्या राहिलेल्या भिंती १८८६ च्या भूकंपात कोसळल्या. आज संग्रहालय म्हणून दिसते ती बाजूची एक इमारत आहे. त्यामुळे भव्य हवेलीची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल.

मॅग्नोलियाची बाग हिच्या अगदी उलट प्रकृतीची आहे. ड्रेटन कुटुंबाने ही जागा १६७६ मध्ये वसवली, परंतु आजच्या बागेला रूप दिले ते एकोणिसाव्या शतकात जॉन ग्रिम्के ड्रेटन या धर्मोपदेशकांनी. त्यांनी वाटा मुद्दाम वळणावळणाच्या ठेवल्या, काळ्याशार पाण्यावर पांढरे पूल टाकले, ॲझेलिया आणि कॅमेलियांची झुडपे मोकळी वाढू दिली. गृहयुद्धानंतर पैशांची चणचण भासू लागली तेव्हा त्यांनी बाग लोकांसाठी खुली केली. गुलामगिरीविरुद्ध आयुष्य वेचणाऱ्या सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या भगिनी त्यांच्या सख्ख्या आत्या होत्या, हे मात्र घराच्या माहितीपत्रकात शोधत बसण्यापेक्षा मार्गदर्शकाला विचारलेले बरे. ड्रेटन हॉलला बागेसाठी नव्हे, तर वास्तूसाठी जावे. अठराव्या शतकाच्या मध्यावरची ही वास्तू रिकामी आहे. आत सामान नाही, वीज आणि नळ कधी आलेच नाहीत, आणि नेमके त्यामुळेच भिंती, जिने व छतावरचे नक्षीकाम विनाअडथळा पाहता येते.

आता या मार्गदर्शनातील मुख्य सूचना. तिकीट काढल्यावर थेट बागेत जाऊ नये. गुलामांच्या जीवनाविषयीची मार्गदर्शित फेरी आधी घ्यावी आणि बाग नंतर पाहावी. बहुतेक लोक उलट करतात. फुले पाहण्यात दोन तास जातात, पाय दुखू लागतात, जेवणाची वेळ होते आणि ती फेरी राहून जाते. मग जे पाहिले त्याचा अर्थ अर्धाच लागतो, कारण टप्प्यांची माती कोणी वाहिली, तळी कोणी खणली आणि या सगळ्याचा खर्च कोणत्या पिकातून निघाला, हे बागेतल्या फुलांच्या पाट्या सांगत नाहीत. मॅग्नोलियात गुलामगिरीपासून स्वातंत्र्यापर्यंतचा प्रवास सांगणारी स्वतंत्र फेरी आहे. त्यात १८५० च्या सुमारास बांधलेल्या लाकडी खोल्या दाखवतात, आणि त्या वेगवेगळ्या काळांतील राहणीप्रमाणे मांडलेल्या आहेत. मिडलटनला एलायझाचे घर म्हणून ओळखली जाणारी छोटी लाकडी वास्तू आहे. तेथे मिडलटन कुटुंबाच्या मालकीत राहिलेल्या माणसांच्या नावांची लांबलचक यादी लावलेली आहे. ती घाईने ओलांडू नये. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असते. ज्यांच्या मुक्तीविषयी ती अर्पणपत्रिका होती, त्या माणसांच्या खोलीत उभे राहण्याची संधी येथे मिळते.

भाताची माहिती ऐकताना आपल्याकडच्या प्रेक्षकाला एक वेगळा फायदा असतो. कॅरोलायनाच्या किनारपट्टीवर भरती-ओहोटीच्या जोरावर शेती चाले. समुद्राला भरती आली की नदीचे गोडे पाणी मागे रेटले जाऊन त्याची पातळी वाढते. त्या वेळी बांधातील लाकडी दार उघडून ते पाणी शेतात घेत, त्याने तण बुडवून मारत आणि ओहोटीला दुसरे दार उघडून निचरा करत. दोन्ही टोकांना दारे असलेल्या या लाकडी मोरीला तेथे ट्रंक म्हणतात. कोकणातील खारजमिनीचे बांध आणि उघाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही यंत्रणा चटकन उमगते. फरक इतकाच की आपली उघाडी खारे पाणी बाहेर राखण्यासाठी असते आणि तेथे गोडे पाणी आत घेण्यासाठी होती. जाण्यापूर्वी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्राला एक फेरी मारून ठाणे खाडीची भरती डोळ्यांखाली घातली, तर नातवंडांनाही हे समजावता येते.

हे ज्ञान मालकांनी इंग्लंडहून आणलेले नव्हते. पश्चिम आफ्रिकेच्या भातपिकाच्या किनाऱ्यावरून, म्हणजे आजच्या सेनेगल, गॅम्बिया, सिएरा लिओन या भागांतून, पकडून आणलेल्या लोकांना भात पिकवण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती होती, आणि अशा गुलामांना कॅरोलायनात विशेष मागणी असे. गुडघाभर चिखलात, डासांच्या आणि सापांच्या संगतीत हे काम चाले. हिवतापाच्या भीतीने मालकांची कुटुंबे उन्हाळ्यात शहरात निघून जात, मजूर मात्र तेथेच राहत. कामाचे माप ठरलेले असे: एका माणसाला दिवसाला साधारण पाव एकर. कांडणासाठी उंच लाकडी उखळ आणि मुसळ, पाखडण्यासाठी मोठी पसरट टोपली. ही टोपली आपल्या सुपाच्या जागी वापरत. ती गवताच्या वेटोळ्यांची असते आणि तिला सुपासारखे उघडे तोंड नसते.

त्या टोपल्या विणणारी माणसे आजही आहेत. गुलामांच्या वंशजांचा गला गीची समाज आपली बोली, खाद्यपद्धती आणि ही कला टिकवून आहे. चार्ल्स्टनच्या सिटी मार्केटमध्ये आणि माउंट प्लेझंटकडे जाणाऱ्या १७ क्रमांकाच्या हमरस्त्याच्या कडेला त्यांच्या टपऱ्या असतात. विणणारी बाई हातात चमच्याची दांडी घासून केलेले चपटे टोकदार हत्यार धरते, त्याने वेटोळ्यात भोक पाडते आणि पामच्या पानाची पट्टी त्यातून ओढून घेते. एक वेढा पूर्ण व्हायला किती वेळ लागतो, हे दहा मिनिटे उभे राहून पाहिले, की किमतीचे आश्चर्य वाटत नाही. येथे जांभळी नाक्याच्या बाजारासारखी घासाघीस करू नये.

हंगामाविषयी. ॲझेलिया साधारणपणे मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत भरात असतात आणि गर्दीही तेव्हाच असते. कॅमेलिया हिवाळ्यात, नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत फुलतात. जून ते ऑगस्ट हा काळ शक्यतो टाळावा. ठाण्याच्या मे महिन्याची सवय असलेल्यालाही तेथील दमट उष्मा जड जातो, शिवाय डास फार असतात. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डास प्रतिबंधक मलम आणि पाण्याची बाटली एवढे बरोबर असावेच.

वाटा खडीच्या आणि काही ठिकाणी उंचसखल आहेत. बुटांची नवी जोडी थेट तेथे घालू नये. उपवन तलावाभोवती काही दिवस फिरून ती पायांना रुळू द्यावी. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांसाठी मॅग्नोलियात ट्राममधून फेरी मिळते. चाकाच्या खुर्चीची सोय हवी असल्यास आधी कळवून खात्री करून घ्यावी. तिकिटे त्या-त्या ठिकाणच्या अधिकृत संकेतस्थळावर घ्यावीत आणि घेताना नीट वाचावे, कारण बागेचा प्रवेश आणि घराच्या आतील फेरी यांचे पैसे अनेकदा वेगवेगळे असतात. तळ्यांच्या काठी मगरीसारखे ॲलिगेटर ऊन खात पडलेले असतात. ते पुतळ्यासारखे निश्चल दिसतात, पण पुतळे नव्हेत: किमान ६० फुटांचे अंतर राखावे, त्यांना खायला घालू नये आणि लहान मुलांचा हात सोडू नये. ओकच्या फांद्यांवरून लोंबणारे राखाडी स्पॅनिश मॉस छायाचित्रात सुरेख दिसते, मात्र जमिनीवर पडलेले उचलून गळ्यात घालू नये, कारण त्यात बारीक चावरे किडे असू शकतात.

शाकाहारी मंडळींनी जेवण विचारूनच मागवावे. भेंडी, चवळी आणि भात हे तिघेही तेथील स्वयंपाकात घरच्यासारखे भेटतात, पण चवळीभातात आणि पालेभाजीत डुकराचे मांस घालण्याची पद्धत सर्रास आहे आणि मेन्यूवर ते प्रत्येक वेळी लिहिलेले असतेच असे नाही. डब्यात दशम्या आणि चटणी असली तर चिंता राहत नाही. मात्र खाण्यासाठी नेमून दिलेल्या जागीच बसावे.

छायाचित्रांबाबतही थोडा विवेक हवा. प्री-वेडिंग शूटची आपल्याकडे आता सवय झाली आहे, आणि ओकच्या कमानीखाली उभे राहिले की साहजिकच पोझ सुचते. बागेत जरूर काढावीत, पण गुलामांच्या खोल्यांच्या दारात हसरे कौटुंबिक फोटो काढणे अशोभनीय ठरते, आणि दफनभूमीत तर फोन खिशातच ठेवावा. प्लांटेशनवर लग्नसमारंभ करण्याच्या प्रथेवरही तेथे मोठा वाद झाला आहे. २०१९ च्या अखेरीस पिंटरेस्ट या छायाचित्रांच्या संकेतस्थळाने अशा लग्नांच्या मजकुराला उत्तेजन न देण्याचा निर्णय घेतला होता.

दुसरा दिवस हाताशी असेल तर जेम्स आयलंडवरचे मॅक्लाउड प्लांटेशन घ्यावे. बाग म्हणून तेथे विशेष काही नाही, परंतु काउंटीच्या उद्यान विभागाने चालवलेली ही जागा गुलामांच्या आणि त्यांच्या मुक्त झालेल्या वंशजांच्या बाजूने सारा इतिहास सांगते. चार्ल्स्टन परिसरातील जुन्या विटांवर कधी कधी बोटांचे ठसे उमटलेले दिसतात. ओल्या विटा उचलून वाळत घालणाऱ्या हातांचे, काही तर मुलांच्या बोटांइतके लहान. असा ठसा कोठे आहे, हे मार्गदर्शकाला आवर्जून विचारावे. शहरात परतल्यावर गॅड्सडेन व्हार्फवरचे, २०२३ मध्ये उघडलेले आफ्रिकन अमेरिकन संग्रहालय पाहावे. गुलामांची जहाजे ज्या धक्क्याला लागत, त्याच जागी ते उभे आहे.

परतताना बॅगेत बिया, कलमे किंवा फांद्या घालू नयेत. बागेतून काहीही तोडण्यास मनाई असते, आणि परवानगी व आरोग्य प्रमाणपत्राशिवाय असे रोपसाहित्य भारतात आणता येत नाही. कॅमेलियाला फुलण्यासाठी थंडी लागते, त्यामुळे बाल्कनीतल्या कुंडीत तो लावण्याचा विचार ठाण्यात राहणाऱ्याने तसाही सोडून द्यावा.