फिट आली तर काय करायचं आणि काय बघून ठेवायचं

उभा माणूस अचानक ताठ होऊन कोसळतो, दातखीळ बसते, हातपाय झटके देऊ लागतात. आजूबाजूचे धावतात आणि प्रत्येक जण काहीतरी करू लागतो. बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआप थांबतात. माणूस घट्ट धरून किंवा काही हुंगवून फिट थांबत नाही. जवळच्या माणसाने दोनच कामं करायची असतात: इजा होऊ द्यायची नाही, आणि काय घडतंय ते नीट बघून ठेवायचं. दुसरं काम गोंधळात राहून जातं, आणि डॉक्टरांचं निदान बरंचसं त्याच्यावरच उभं असतं.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. घाबरलेल्या माणसाला एक मिनिटही दहा मिनिटांसारखं वाटतं, म्हणून अंदाजावर जाऊ नका. पाच मिनिटं ही मर्यादा लक्षात ठेवा. त्यापुढे गेलेली फिट आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते, आणि जितका उशीर होईल तितकी औषधंही कमी लागू पडतात.

मग आजूबाजूच्या टोकदार, टणक, गरम वस्तू सरकवा. डोक्याखाली घडी घातलेलं कापड किंवा नुसता तळहात ठेवा, चष्मा काढा, गळ्याशी आवळलेलं सैल करा. माणूस रस्त्यात, पाण्यात किंवा आगीजवळ नसेल तर त्याला जागेवरून हलवू नका. हातपाय दाबूनही धरू नका: स्नायू पूर्ण ताकदीने आवळलेले असताना बाहेरून जोर लावला की खांदा निखळू शकतो.

तोंडात काहीही घालायचं नाही. चमचा नाही, रुमाल नाही, बोट तर मुळीच नाही. जीभ गिळली जाते ही समजूत चुकीची आहे. जीभ चावली जाते हे खरं, पण ती बहुधा सुरुवातीला जबडा आवळतो तेव्हाच चावलेली असते. चमच्याने दात तुटतो आणि त्याचा तुकडा श्वासनलिकेत जाऊ शकतो. पाणी किंवा गोळी दिली तर तीही फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

ओठ निळसर पडले की बघणाऱ्याचा धीर सुटतो. छातीचे स्नायूही आवळलेले असल्याने थोडा वेळ श्वास नीट चालत नाही, म्हणून हा रंग येतो. झटके थांबले की घोरल्यासारखा मोठा श्वास सुरू होतो आणि रंग परततो. झटके थांबूनही श्वास सुरू झाला नाही, तर मात्र लगेच रुग्णवाहिका बोलवून छातीवर दाब द्यायला सुरुवात करा.

झटके ओसरताच कुशीवर वळवा. तोंडात फेस किंवा उलटी दिसली तर त्याआधीच, जमेल तितकं, अलगद वळवा. माणसाच्या एका बाजूला गुडघे टेकून बसा. तुमच्याकडचा त्याचा हात खांद्यापासून काटकोनात बाहेर पसरा. पलीकडचा हात छातीवरून आणून तळव्याची मागची बाजू तुमच्याकडच्या गालाशी टेकवून धरा. पलीकडचा गुडघा दुमडून उभा करा आणि तो गुडघा धरून स्वतःकडे ओढा. अंग आपसूक वळतं. शेवटी हनुवटी थोडी वर करा आणि तोंड जमिनीच्या दिशेला राहील असं बघा, म्हणजे लाळ बाहेर वाहून जाते.

शुद्ध एकदम येत नाही. काही मिनिटं, कधी तासभरही माणूस गोंधळलेला किंवा गाढ झोपेत असतो. उठून चालू लागला तर अडवून धरू नका, सोबत चाला आणि धोक्यापासून वळवा. आवळून धरलं तर तो भीतीने झटापट करतो, आणि लोकांना वाटतं की तो मारायला उठलाय. लघवी झाली असेल तर अंगावर काहीतरी पांघरा, बघ्यांना दूर करा. शुद्धीवर येणाऱ्या माणसासाठी हे फार मोलाचं असतं. स्वतःचं नाव आणि जागा नीट सांगेपर्यंत खायला-प्यायला देऊ नका.

रुग्णवाहिका कधी बोलवायची? फिट पाच मिनिटांपुढे गेली, मध्ये शुद्ध न येता दुसरी आली, आयुष्यातली पहिलीच असली, डोक्याला मार लागला, पाण्यात आली, बाई गरोदर आहे, मधुमेह आहे, किंवा ताप आणि मान ताठ आहे: यातलं एक कारणही पुरेसं आहे. फिटनंतर एका बाजूचा हात-पाय लुळा पडू शकतो. तो बहुधा दीड-दोन दिवसांच्या आत भरून येतो, पण पक्षाघातही असाच दिसतो, त्यामुळे पहिल्यांदा असं झालं तर वाट बघत बसू नका. डॉक्टरांनी फिट थांबवणाऱ्या मिडाझोलाम या औषधाचा नाकात मारायचा स्प्रे दिला असेल, तर मात्रा आणि तो कधी मारायचा हे चिठ्ठीवर लिहून बाटलीसोबतच ठेवा.

आता निरीक्षण. शक्य असेल तर एकाने मोबाइलवर चित्रण करावं, चेहऱ्यापासून सुरू करून संपूर्ण अंग दिसेल असं. ते फक्त डॉक्टरांना दाखवायचं. यात बघायचं काय? मान आणि डोळे कुठल्या बाजूला वळले. झटके एका हातात सुरू होऊन पसरले की एकदम सगळ्या अंगाला आले. डोळे उघडे होते की घट्ट मिटलेले. त्याआधी माणूस काय करत होता, काही विचित्र वास, भीती किंवा पोटातून वर चढणारी कळ सांगितली होती का. शुद्धीवर यायला किती वेळ लागला. साधी चक्कर येऊन पडणारा माणूसही चार-दोन झटके देतो, पण तो आधी पांढराफटक पडतो, घामाघूम होतो आणि बहुधा मिनिटभरात भानावर येतो. जिभेची कड चावलेली असेल तर ती फिट असण्याची शक्यता वाढते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, दोन फिटच्या मधल्या काळात काढला तर साफ येऊ शकतो. त्यामुळे ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे काही नाही’ असं धरून चालू नका.

प्रत्येक फिटमध्ये माणूस पडतोच असं नाही. मूल बोलता बोलता पाच-पंधरा सेकंद शून्यात बघतं आणि पुन्हा बोलू लागतं. त्याला लक्ष नसल्याबद्दल रागावलं जातं. मोठा माणूस हाक मारली तरी ओ देत नाही, ओठ चाटत राहतो, कपडे चिवडतो. अशा वेळी फक्त सोबत थांबा आणि वेळ मोजा.

गोळ्यांबाबत घात होतो तो बरं वाटू लागल्यावर. सुमारे दोन तृतीयांश रुग्णांच्या फिट औषधांनी थांबतात, मग गोळी नकोशी होते. ती एकदम बंद केली की लागोपाठ फिट येण्याचा धोका असतो. बंद करायचा विचार साधारण दोन वर्षं फिट न आल्यावर होतो, आणि मग डॉक्टर काही महिन्यांत मात्रा हळूहळू उतरवतात. गोळी चुकली तर आठवताच घ्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर डॉक्टरांना विचारा, स्वतःहून दोन एकदम घेऊ नका. नवीन औषधाच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. व्हॅलप्रोएट घेणाऱ्या बाईने दिवस राहण्याच्या आधीच बोलून घ्यावं, कारण हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकतं. तरीही ते आपल्या मनाने थांबवू नये.

जागरण, दारू, ताप आणि चुकलेली गोळी ही फिट उठवणारी नेहमीची कारणं. वहीत तारीख, वेळ, किती मिनिटं आणि आदल्या रात्रीची झोप एवढं लिहिलं तरी दोन-तीन महिन्यांत ठरावीक कारण दिसू लागतं. आंघोळ टबात न करता शॉवरखाली बसून किंवा बादलीने करा, आणि दाराला आतून कडी लावू नका.